‘एक’ कुणी दाबलं?

१

दारात उभा राहिलेला दांडगा माणूस आधी शिवणबाईंना निरखून बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे तुम्ही आहात. आणि याच घरात आहात.”

शिवणबाईंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. बाजूला बटणांचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या ट्रंकबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्या इमारतीत सगळे त्यांना ट्रंकबाई म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढलेली बाई. ट्रंक कॉल जोडता जोडता केस पांढरे झाले, आणि ट्रंक कॉल संपले तरी नाव चिकटून राहिलं. वय चौऱ्याहत्तर. राहायला वरच्या मजल्यावर, पण दुपारी जेवण झालं की खाली शिवणबाईंकडे येऊन बसायच्या, बटणं लावून द्यायच्या आणि जुन्या गोष्टी सांगायच्या.

“मी तुमच्या बाबूच्या जहाजावर आचारी होतो,” माणूस म्हणाला.

शिवणबाईंच्या मांडीवरचं कापड जमिनीवर पडलं. “कुठाय तो?”

“उतरला. दुसऱ्या जहाजावर गेला. कुठल्या, ते नाही सांगितलं.” आचाऱ्याने टोपी काढली आणि ती हातात फिरवत राहिला. “रागावू नका, मी नुसता निरोप घेऊन आलोय. त्याने तुम्हाला तीन बंदरांवरून तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा बाई बोलायची, हा नंबर अस्तित्वात नाही. तिसऱ्यांदा मी शेजारीच होतो. म्हणाला, म्हातारीने नंबरच टाकून दिला. मेव्हण्याने पढवलं असणार. मी कोण तिचा!”

“अरे देवा,” शिवणबाई म्हणाल्या. “मी कशाला टाकेन?”

“त्याचा वाढदिवस सतराला. त्या दिवशी शेवटचा एकदा लावणार आहे. नाही लागला तर मला आई नाही असं समजेन, असं बोलला. मी इकडे सुट्टीवर येत होतो. म्हटलं, बघून तरी यावं.”

चार वर्षांपूर्वी खोली कुणाच्या नावावर करायची यावरून बाबू आणि जावई यांच्यात कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि बाबू अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेला होता. पत्ता नाही, स्वतःचा नंबर नाही. वर्षातून तीन-चारदा कुठल्यातरी बंदरावरून फोन करायचा, पाच मिनिटं बोलायचा. त्याला आईचा तेवढा एक नंबर तोंडपाठ होता. तो नंबर जपायचा म्हणून शिवणबाईंनी अकरा वर्षांत ना कंपनी बदलली, ना फोन. गेले दोन महिने तो वाजला नव्हता, पण कामाचा मोसम मंद आहे आणि बाबू समुद्रात असेल असं त्या धरून चालल्या होत्या.

ट्रंकबाईंनी आपल्या मोबाइलवरून तो नंबर लावला. पाठच होता. त्यांना निम्म्या गावाचे नंबर पाठ होते, मेलेल्या माणसांचेसुद्धा.

*आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही.*

त्यांनी फोन खाली ठेवला. एकतीस वर्षांत त्यांना लाइनचे सगळे आजार माहीत झाले होते. लाइन बिघडलेली असते, गुंतलेली असते, उचलत नाहीत अशी असते.

“‘अस्तित्वात नाही’ म्हणजे बिघाड नाही,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी तो काढून टाकलाय. आज बारा तारीख. माझ्याकडे पाच दिवस आहेत.”

२

कंपनीच्या कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर एक मुलगी होती. चेहरा दमलेला, पण वागायला बरी. तिने नंबर टाकला, पडद्यावर काहीतरी वाचलं आणि खुर्ची जरा पुढे ओढली.

“आजी, यांचा जुना लाइफटाइम प्लॅन होता. इनकमिंग कायमचं फुकट. तो कंपनीने बंद केला. नव्या अटींप्रमाणे दर महिन्याला रिचार्ज करावा लागतो. यांनी केला नाही, म्हणून आधी इनकमिंग बंद झालं, मग पंचेचाळीस दिवसांनी नंबर काढून घेतला.”

“कुणाला दिला?”

“अजून नाही. दोन महिने तसाच ठेवतात, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतात.”

“आम्ही आत्ता रिचार्ज करतो की,” शिवणबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीत हात घातलासुद्धा.

“आता नाही होत, काकू. नंबर तुमच्या नावावरच नाही.”

ट्रंकबाईंनी कोपर खिडकीवर टेकलं. “मला एक सांग पोरी. लाइफटाइम म्हणून विकलंत. मग मधेच अटी बदलायच्या, हे कुठल्या न्यायात बसतं?”

मुलीने मागे वळून पाहिलं. साहेबांचं दार बंद होतं. “बसत नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “म्हणजे तसं सरळसोट बसत नाही. अटी बदलायच्या तर तीस दिवस आधी गिऱ्हाइकाला कळवावं लागतं. त्याला नको असेल तर दंड न भरता सोडून जाता येतं, नंबर बरोबर घेऊन. आणि लाइफटाइमवाल्यांना तर त्यांच्या संमतीशिवाय हलवताच येत नाही. हो म्हटलं नाही तर जुन्याच अटी चालू.”

“मग झालं! हिने कुठे हो म्हटलंय?”

“म्हटलंय ना.” तिने पडदा वळवला. “आठ तारखेला, चार महिन्यांपूर्वी. सकाळी अकरा वीस. आमचं यंत्र फोन करतं, सगळ्या अटी वाचून दाखवतं आणि शेवटी सांगतं, मान्य असेल तर एक दाबा, नसेल तर दोन दाबा. यांच्या नंबरवरून एक दाबलेलं आहे. फोन चार मिनिटं चालू होता. म्हणजे पूर्ण ऐकून दाबलंय.”

“मी असला फोन घेतलेलाच नाही,” शिवणबाई म्हणाल्या.

“तुमच्या यंत्राचं काही सांगू नकोस,” ट्रंकबाई फणकारल्या. “मीही तुमचीच गिऱ्हाईक. मला तर एकाच सकाळी दोनदा फोन आला. तेच पाल्हाळ, तोच आवाज. निम्मं ऐकून फोन बाजूला ठेवला, शेवटी ‘दाबा दाबा’ आलं तसं दोन्ही वेळा एक दाबलं आणि सुटले.”

“यंत्र दोनदा करत नाही, आजी. एकदा उत्तर मिळालं की नंबर यादीतून निघून जातो.”

“मग तुमचं यंत्र बिघडलंय.”

मुलगी यावर हसली नाही. “संमती यांनी दिलेली नाही असं सिद्ध झालं तर नंबर परत द्यावा लागेल. जुन्या अटींवर. पण नुसतं ‘मी नाही दाबलं’ म्हणून चालणार नाही. कुणी दाबलं ते सांगावं लागेल.”

पायऱ्या उतरताना शिवणबाई मधेच थांबल्या. कठडा धरून त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

“ताई, सहा तारखेला माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं नव्हतं का? आठ तारखेला मी डोळ्याला पट्टी बांधून पडले होते.”

“म्हणजे तेव्हा तू लेकीकडे होतीस.”

शिवणबाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं. “हो. जावयाच्या घरी.”

३

ट्रंकबाई लगेच जावयाकडे गेल्या नाहीत. एक्स्चेंजमध्ये तक्रार आली की त्या आधी जवळची तार तपासायच्या. म्हणून दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेल्या. रिचार्ज, चार्जर, फोनची काच बदलणं, सगळं तिथेच चालायचं. नव्या प्लॅनवर गिऱ्हाईक आणून दिलं की कंपनी त्याला काहीतरी देते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“यावं, पोलीसबाई,” तो म्हणाला. बातमी आधीच त्याच्या कानावर गेली होती. “मला बेड्या घालायला आलात?”

“गरज पडली तर घालीन. शिवणबाईंचं सिम तू काढलं होतंस का कधी?”

“त्यांचं सिम? अहो, ते काढायचं तर डॉक्टर बोलवावा लागेल. फोन दाखवा त्यांचा.”

फोन ट्रंकबाईंच्या पिशवीत होता. मोबाइलवाल्याने तो उताणा ठेवला. मागचं झाकण सैल झालं म्हणून शिवणबाईंनी दोन वर्षांपूर्वी त्याला निळ्या कापडाचं अंगडं शिवलं होतं. पडदा आणि बटणं तेवढी उघडी, खाली चार्जरपुरतं एक भोक, आणि बाकी चारही बाजूंनी पक्की शिवण.

“हे टाके बघा. इतके बारीक टाके या गावात दुसरं कुणी घालत नाही. हे उसवल्याशिवाय सिम बाहेर येत नाही, आणि उसवून कुणी परत घातले तर त्या पहिल्या नजरेत ओळखतील. मी दहादा म्हटलं, काकू, नवा फोन घ्या. म्हणतात, याच्यात बाबूचा आवाज येतो.” त्याने फोन परत पुढे सरकवला. “मला त्यांच्यामुळे काही मिळालं असतं तर मी त्यांचं पुढचं रिचार्ज बुडू दिलं असतं का? दर महिन्याला धरून आणलं असतं त्यांना.”

हे बोलणं खरं होतं. लबाड माणूससुद्धा स्वतःचं गिऱ्हाईक मारत नाही.

ट्रंकबाई फोन घेऊन शिवणबाईंकडे आल्या. शिवणबाईंनी टाके उजेडात धरून पाहिले. “माझेच. एकही इकडचा तिकडे नाही.”

“म्हणजे सिम बाहेर निघालं नाही. एक दाबलं ते याच फोनवरून. आता नीट आठव. ऑपरेशनच्या वेळी फोन कुणाकुणाच्या हातात गेला?”

“आत नेताना मी तुमच्याच हातात दिला होता की. तुम्ही त्यात काहीतरी केलंत आणि माझ्या पिशवीत टाकलात. मग पिशवी लेकीने घरी नेली.”

“ते सहाला. आपलं काम आठ तारखेशी.” ट्रंकबाई उठल्या. “आठला पिशवी जावयाच्या घरात होती. तुझा मुलगा परत येऊ नये असं वाटणारा जगात एकच माणूस आहे, बाई. तू कितीही तोंड फिरव.”

४

जावई एका छापखान्यात हिशेबनीस होता. माणूस कोरडा, घरातसुद्धा बाहीची बटणं लावून बसायचा. लेकीने चहा आणून ठेवला आणि ती दाराला टेकून उभी राहिली. शिवणबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसल्या होत्या. त्यांना यायचं नव्हतं. ट्रंकबाईंनी ओढून आणलं होतं.

“आठ तारखेला सकाळी अकरा वाजता तुम्ही कुठे होता, जावईबापू?”

“घरी. आईंना औषध घालायचं होतं म्हणून रजा काढली होती. का?”

“आणि फोन?”

“इथे, या कपाटावर.”

“मग तुम्ही तो घेतलात. चार मिनिटं ऐकलात. हा नंबर गेला की मेव्हण्याचा पत्ता कायमचा तुटला, हे तुम्हाला कळलं, आणि तुम्ही एक दाबलंत.”

“ताई!” शिवणबाई म्हणाल्या.

“बोलू देत,” जावई म्हणाला. त्याचा आवाज अजिबात चढला नाही. “माझं आणि बाबूचं पटत नाही. त्याने माझी कॉलर धरली होती, तेव्हा तुम्ही वर गॅलरीतून बघत होता. तो परत आला नाही तर मी रडणार नाही. हे सगळं खरं. पण तो फोन जरा द्या.”

त्याने फोन घेतला आणि ट्रंकबाईंसमोर टेबलावर ठेवला.

“एक दाबा.”

“काय?”

“एकचं बटण. दाबून दाखवा.”

ट्रंकबाईंनी दाबलं. पडद्यावर काही उमटलं नाही. अंगठ्याने जोर लावून दाबलं. मग बोटाच्या पेराने दाबलं. दोन उमटला, तीन उमटला, पार शून्यापर्यंत सगळे उमटले. एकच्या जागी काहीच नाही.

“दोन वर्षं झाली ते बटण मेलेलं आहे,” लेक दारातून म्हणाली. “आई सगळ्यांना नावावरून फोन लावते. तुम्हाला माहीत नव्हतं, मावशी? तुम्हाला तर सगळं माहीत असतं.”

ट्रंकबाईंना आपल्या कानांच्या पाळ्या तापल्यासारख्या वाटल्या. टाके शाबूत, म्हणजे सिम बाहेर निघालेलं नाही. बटण मेलेलं, म्हणजे या फोनवर एक दाबणं शक्य नाही. आणि कंपनीच्या दप्तरात एक दाबलेलं.

“मी आईंचं सगळं केलं तेव्हा,” जावई म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्याला धार आली. “चार दिवस मी त्यांना हात धरून न्हाणीघरापर्यंत नेलं. तुम्ही एकदा येऊन गेलात, संत्री ठेवलीत आणि हिला उपदेश केलात. आणि आज मला चोर ठरवायला आलात. शिवाय असला फोन आलाच नव्हता. त्या चार दिवसांत हा फोन एकदाही वाजला नाही. मी हिला म्हटलंसुद्धा, बरं आहे, आईंची झोपमोड होत नाही.”

“एकदाही नाही?” ट्रंकबाईंचा आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

“एकदाही नाही.”

त्या उठल्या. चहा तसाच राहिला. कुणाचाही निरोप न घेता त्या जिना उतरल्या, आणि शेवटच्या पायरीवर बसून त्यांनी बोटांवर तारखा मोजल्या. सहा, आठ, दहा.

५

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधीच त्या खिडकीसमोर उभ्या होत्या. बरोबर शिवणबाई नव्हत्या.

“माझा स्वतःचा नंबर काढ,” त्या मुलीला म्हणाल्या. “मी संमती कधी दिली ते सांग.”

मुलीने बघितलं. “आठ तारीख. सकाळी अकरा दहा.”

“फोन किती वेळ चालला?”

“चार मिनिटं.”

“अकरा दहाला माझा. अकरा वीसला तिचा.” ट्रंकबाईंनी खिडकीची कड घट्ट धरली. “तू म्हणालीस, यंत्र एका नंबराला दोनदा फोन करत नाही.”

“नाही करत.”

“बरोबर आहे. त्याने दोन नंबरांना एकेकदाच केला. पण वाजले दोन्ही माझ्याच हातात.”

मुलीला काही कळेना, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. बोर्डावर ड्युटीच्या शेवटी नोंद लिहावी तसं, एकही शब्द जास्त नाही. सहा तारखेला शिवणबाईंना आत नेताना फोन ट्रंकबाईंच्या हातात आला. एक्स्चेंजमधली सवय अशी की जागेवर माणूस नसेल तर त्याची लाइन मोकळी सोडायची नाही, शेजारच्या बोर्डवर घ्यायची. बाबूचा फोन चुकू नये म्हणून त्यांनी तिथल्या बाकावर बसूनच शिवणबाईंचे सगळे कॉल आपल्या मोबाइलवर वळवले. त्याला एकचं बटण लागलं नाही. फोनमध्ये त्यांचं नाव होतं, ते निवडलं की झालं. दहा तारखेला बघायला गेल्या तेव्हा परत सरळ केले. त्या चार दिवसांत कपडे झाले का विचारणाऱ्या दोन बायकांचे फोन त्यांनी घेतले, निरोप लिहून ठेवले. आणि आठ तारखेला सकाळी, दहा मिनिटांच्या अंतराने, तेच यंत्र दोनदा बोललं.

“मला वाटलं, दोन्ही वेळा माझ्याच नंबरचं आहे. मी वैतागले. ऐकलंसुद्धा नाही. एक दाबलं.”

मुलीने दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लावून पाहिल्या. मग म्हणाली, “तुम्ही हे लेखी द्याल?”

“देईन.”

ती त्यांना साहेबांच्या खोलीत घेऊन गेली. साहेब वयाने तरुण होता, आणि ऐकून घेताना पेनाचं टोपण काढत होता, लावत होता.

“तुम्ही सांगता ते पटण्यासारखं आहे. पण कॉल तुमच्याकडे वळवले होते, म्हणजे त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार तुम्हाला होता असं आम्ही धरतो.”

“निरोप घ्यायचा अधिकार होता. सही करायचा नव्हता.”

“यंत्राला तो फरक कसा कळणार?”

“म्हणून तर विचारते, माणूस का नाही ठेवलंत? कुणी एकाने जरी ‘कोण बोलतंय’ म्हणून विचारलं असतं, तर मी माझं नाव सांगितलं असतं, आणि हे सगळं तिथेच मिटलं असतं. तिच्या करारातलं सगळं बदललंत आणि ती फोनवर आहे की नाही एवढंही बघितलं नाहीत.”

“लेखी मेसेजही गेला होता. हरकत घ्यायला तीस दिवस होते.”

“डोळ्याला पट्टी होती तिच्या! आणि पट्टी निघाल्यावरसुद्धा ती तुमचे मेसेज उघडत नाही. दिवसाला दहा जाहिराती पाठवता. अकराव्यात तिच्या मुलाचा गळा कापलाय हे तिला कसं कळावं?”

साहेबाने टोपण लावलं. “हे बघा, बाई. भांडायचं तर वरती तक्रार करता येते. तिथे तुम्ही जिंकालही. पण तीन महिने लागतील. तुम्हाला नंबर कधी हवाय?”

“सोळापर्यंत.”

“मग एक मार्ग आहे. विशेष बाब म्हणून नंबर परत देतो, जुन्या प्लॅनवर. तुम्ही लिहून द्यायचं की दुसऱ्याच्या नंबरवर चुकीची संमती मी दिली, आणि यात कंपनीचा कोणताही दोष नाही. त्यांनी लिहून द्यायचं की पुन्हा तक्रार करणार नाही.”

खिडकीवरची मुलगी खाली बघत होती. तिनेच छापलेला कागद आणून टेबलावर ठेवला. कागदावर बारीक अक्षरात बावीस ओळी होत्या. ट्रंकबाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सगळं वाचलं. साहेबाने दोनदा घड्याळ बघितलं. त्यातली एकोणिसावी, ‘यात कंपनीचा कोणताही दोष नाही’ ही ओळ खोटी होती, आणि ती खोटी आहे हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

त्यांनी सही केली.

६

शिवणबाईंना त्यांनी त्याच दुपारी सांगितलं. शिवणबाईंनी मशीन थांबवलं नाही. एक बाही लावून झाली, दुसरी लावली, दोरा तोडला. मग त्या म्हणाल्या, “ऐकून घ्यायचं होतं ना, ताई. चार मिनिटं होती.”

“हो.”

“आणि जावयाच्या तोंडावर चोर म्हणालात. माझ्यादेखत.”

“मी त्यांच्याकडे जाऊन आले. पाया पडायचं बाकी ठेवलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, ठीक आहे.” ट्रंकबाईंनी चष्मा काढून पुसला. “दार अर्धंच उघडलं होतं.”

शिवणबाईंनी आपल्या कागदावर सही केली आणि तो त्यांच्या हातात दिला. बटणांचा डबा मात्र नेहमीसारखा पुढे सरकवला नाही. ट्रंकबाई कागद कार्यालयात देऊन वर गेल्या, त्या दोन दिवस खाली उतरल्याच नाहीत.

नंबर सोळाला दुपारी सुरू झाला. सतराला सकाळपासून शिवणबाईंकडे लेक येऊन बसली होती. वरून तिची चप्पल दारात दिसत होती. ट्रंकबाई खिडकीत बसून राहिल्या. एक्स्चेंजमध्ये युद्धाच्या दिवसांत त्या अशाच बसायच्या, कानाला हेडफोन लावून. कुणाकुणाच्या घरी काय बातमी जाणार ते त्यांना आधी कळायचं. लाइन जोडून द्यायची आणि आपण मधून बाजूला व्हायचं. लाइनवर आपण काही बोलायचं नसतं, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

सव्वाचारला खाली फोन वाजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा वाजता वाजता थांबला. ट्रंकबाईंनी डोळे मिटले. उचलला.

जिन्यावर पळत पावलं आली. लेक दारात उभी होती, दम लागलेली.

“मावशी, आई बोलावते. लगेच.”

खाली शिवणबाई फोन दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. “त्याला खोटं वाटतंय. म्हणतो, यंत्राने नंबर बंद केला म्हणे, कुणाला शेंड्या लावतेस? मी सांगून दमले. तुम्ही सांगा त्याला. तुमच्या तोंडाने.”

ट्रंकबाईंनी फोन घेतला. पलीकडे वारा होता आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज.

“बाबू, मी वरची मावशी.”

“बोला.”

“तुझ्या आईने नंबर टाकला नाही. जावयाने काही केलं नाही. मी केलं. तिचा फोन माझ्याकडे वळवला होता, कंपनीने अटी बदलायचं विचारलं, आणि मी न ऐकता हो म्हटलं. तुमचा आचारी येईपर्यंत तिला नंबर गेल्याचं माहीतसुद्धा नव्हतं.”

पलीकडे नुसता वारा. त्यांना वाटलं, लाइन गेली.

“म्हणजे आई माझी वाट बघत होती?”

“रोज.”

“मी इथे तिला काय काय बोललो असेन, मावशी,” तो म्हणाला. “लोकांसमोर. जेवताना.” मग त्याचा आवाज घट्ट झाला. “लहानपणी तुमच्या घरी फोन उचलला की तुम्ही माझ्या हातावर मारायचात. म्हणायचात, आधी विचार, कोण पाहिजे. आठवतं?”

“आठवतं.”

“द्या तिला.”

त्यांनी फोन दिला. शिवणबाई पाठ करून भिंतीशी उभ्या राहिल्या, कपाळ भिंतीला टेकलं आणि हळू आवाजात बोलत राहिल्या. सात मिनिटं. तो येणार का, ते त्याने सांगितलं नाही. पण पुढच्या महिन्यात पुन्हा लावीन म्हणाला, एवढं लेकीने खुणेने सांगितलं.

फोन ठेवल्यावर शिवणबाईंनी पदराने तोंड पुसलं. ट्रंकबाई अजून दारातच होत्या.

“ताई, माझ्या खोलीची एक किल्ली आहे ना तुमच्याकडे?”

“आहे. तूच दिलीस, अकरा वर्षं झाली.”

“ती आणून द्या.”

ट्रंकबाई वर गेल्या. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला होती. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला नाही. शिवणबाईंनी किल्ली घेतली, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि लेकीच्या तळहातावर ठेवली.

“जावयांकडे असू दे,” त्या म्हणाल्या.